देवणीच्या शिवारातला प्लॉट आणि फसली सनाचा कागद

देवणी हे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे ते बैलामुळे. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला शेवरा, तोंड काळसर पण अंग पांढरे असलेला वानेरा आणि पूर्ण पांढरा बालंक्या, या तीन रंगांत ओळखली जाणारी ही जात डोंगरी गीर, डांगी आणि स्थानिक गाईंच्या संकरातून साधारण दोनशे वर्षांत घडली. ज्या गावाच्या नावाने ती ओळखली जाते त्या गावाबाहेर पडणाऱ्या रस्त्यांवर आता बैलांपेक्षा पांढरे दगड अधिक दिसतात. उभ्या तुरीच्या कडेला फक्की मारून आखलेले चौकोन, एक लोखंडी फलक, त्यावर 'प्लॉट विक्रीस उपलब्ध' आणि एक फोन क्रमांक.

तीस फूट रुंद आणि चाळीस फूट लांब, म्हणजे १२०० चौरस फूट. एका गुंठ्याहून थोडा मोठा तुकडा, कारण गुंठा १०८९ चौरस फुटांचा आणि एकरात असे ४० गुंठे. निवृत्त शिक्षक, एस.टी.चा वाहक, पुण्यात कंपनीत लागलेल्या मुलाचा बाप, सोयाबीनला एक वर्ष बरा भाव मिळालेला शेतकरी, हे या तुकड्याचे गिऱ्हाईक. त्यांची आयुष्यभराची शिल्लक त्यात जाते. रस्ता किती फुटी आहे, तहसील किती जवळ आहे, नळ येणार का, हे ते बारकाईने विचारतात. १९५४ साली ही जमीन कोण कसत होते, हा प्रश्न मात्र फारच थोडे जण विचारतात. त्या प्रश्नाची ही हकिकत.

आधी एक साधी गोष्ट. देवणीचा प्लॉट आज लातूर जिल्ह्यात, देवणी तालुक्यात आहे. तालुका झाला १९९९ मध्ये. त्याआधी हे गाव उदगीर तालुक्यात होते. लातूर जिल्हा झाला ऑगस्ट १९८२ मध्ये. त्याआधी उदगीर उस्मानाबाद जिल्ह्यात होते. १ मे १९६० पूर्वी ते द्विभाषिक मुंबई राज्यात होते आणि १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी निजामाच्या मुलखातून झालेल्या हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यात. भाषावार पुनर्रचनेत बिदरचे उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तीन तालुके मराठी मुलखाकडे आले आणि शेजारचे भालकी म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेले. जमीन जागची हलली नाही. तिचे दफ्तर मात्र अर्ध्या शतकात या कचेरीतून त्या कचेरीत फिरत राहिले.

या फिरण्याची खूण भाषेत राहिली आहे. देवणीचा शेतकरी 'सात-बारा' काढतो, कारण महाराष्ट्रात गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा एकत्र छापले जातात. जवळच्या सीमेपलीकडे त्याचा सोयरा तशाच कागदाला 'पहाणी' म्हणतो. पाहणी करून लिहिलेला कागद तो पहाणी. एकेकाळी दोघांच्या आजोबांच्या जमिनींची पाहणी एकाच जिल्ह्याच्या हुकमाने होत असे.

मागे जायचे तर उदगीरच्या किल्ल्यापर्यंत जाता येते. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी निजामाचा उदगीर येथे पराभव केला आणि तहात साठ लाखांच्या उत्पन्नाचा मुलूख पदरात पाडून घेतला. पानिपताच्या सावलीत ही लढाई झाकोळली गेली. इथे महत्त्वाचा आहे तो तहातला हिशेब. मुलूख एकरात मोजलेला नाही, उत्पन्नात मोजलेला आहे. त्या काळी जमीन म्हणजे प्रामुख्याने वसुलीचा हक्क. एकाच शेतावर कसणाऱ्याचा, पाटील-देशमुखांचा, जहागीरदाराचा आणि दौलतीचा असे हक्कांचे थर असत. हे चौकोनी रान सर्वस्वी एकाचेच, तो ते कोणालाही विकू शकतो, ही कल्पना त्या व्यवस्थेत बसणारी नव्हती.

एकोणिसाव्या शतकात सालारजंगांच्या दिवाणगिरीत हे बदलू लागले. १८६५ मध्ये जिल्हाबंदी झाली, म्हणजे वसुली मक्तेदारांच्या हातून काढून पगारी अधिकाऱ्यांकडे देण्यात आली. त्यानंतरच्या दशकांत मोजणी झाली, सर्व्हे नंबर पडले आणि आकार ठरला. मोजणीनंतर तयार झालेल्या मूळ नोंदवहीला 'सेतवार' म्हणतात. मराठवाड्याच्या भूमी अभिलेख कार्यालयांत हा शब्द आजही रोज उच्चारला जातो. मुंबई इलाख्यातून आलेल्या माणसाला तो उलगडून सांगावा लागतो.

दफ्तराची भाषा आधी फारसी, १८८० च्या दशकापासून उर्दू. गावपातळीवर मोडी आणि मराठी. सन मात्र फसली. हैदराबादच्या फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन मिळतो. ज्या कायद्याने इथला महसूल चाले तो हैदराबाद जमीन महसूल कायदा १३१७ फसलीचा, म्हणजे १९०७ च्या सुमाराचा. जुन्या नकलेवर १३४५ हा आकडा पाहून एखादा नवखा माणूस तो चौदाव्या शतकातला समजला, तर त्याला दोष देता येणार नाही.

जागा घेऊन ठेवावी, तिचे मोल वाढेल, ही दृष्टी या भागात प्रथम आली ती बाजारपेठेमुळे. बार्शी लाईटची अरुंद रेल्वे १९११ मध्ये लातूरला पोहोचली. १९१७ मध्ये तिथे गंजगोलाई आकाराला आली. मधोमध गोल इमारत, तिच्याभोवती वर्तुळाकार पेठ आणि वर्तुळातून बाहेर पडणारे सोळा रस्ते. नगररचनाकार म्हणून फैयाजुद्दीन यांचे नाव सांगितले जाते. सराफा, भांडी, गूळ, मिरची, कापड, प्रत्येकाची गल्ली वेगळी. गोलाईच्या तोंडाशी असलेली जागा आणि चौथ्या गल्लीतली जागा यांचे मोल एक नव्हते. जमिनीची किंमत तिच्या मातीवर नव्हे तर तिच्यासमोरून जाणाऱ्या माणसांवर ठरते, हे उदगीर-देवणीच्या आडत्यांनी आणि शेतकऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले ते इथे. गुंतवणुकीचा हा पहिला धडा. तो शेतजमिनीला लागू व्हायला मात्र आणखी साठ-सत्तर वर्षे जावी लागली.

दरम्यान ती आठ वर्षे आली, ज्यांच्यावर आजच्या प्रत्येक प्लॉटचे भवितव्य अवलंबून आहे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिरी रद्द करणारे विनियम निघाले. १९५० मध्ये हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आला. १९५४ मध्ये इनामे रद्द करणारा कायदा आला. १९५४-५५ मध्ये गावोगाव खासरा पाहणी झाली. १९५६ मध्ये राज्यच संपले. एवढे बदल एवढ्या थोड्या काळात, तेही रझाकारी आणि पोलीस कारवाईच्या धामधुमीत माणसे गाव सोडून गेलेली असताना, काही परतलेली आणि काही न परतलेली असताना. तलाठ्याने त्या दिवसांत जे लिहिले ते पुढे दगडावरची रेघ ठरले.

खासरा पाहणी पत्रक हा मराठवाड्यातला सर्वांत वजनदार कागद आहे. सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार, पट्टेदार कोण, प्रत्यक्ष कसणारा कोण, तो कोणत्या नात्याने कसतो, हे त्यात नमूद आहे. पट्टेदार आणि कसणारा एकच असेल तर पुढची वाट सोपी. नावे दोन असतील तर दुसरे नाव कुळाचे असू शकते. १९५० च्या कायद्याने ठरावीक मुदत जमीन कसणाऱ्याला 'संरक्षित कूळ' हा दर्जा दिला आणि पुढे कलम ३८-ई खाली अनेक कुळांकडे मालकीच गेली. अशी जमीन विकायची तर परवानगीची अट होती. नंतर ती अट बरीच सैल करण्यात आली. पण मधल्या तीस-चाळीस वर्षांत परवानगीवाचून झालेले व्यवहार कागदावर जसेच्या तसे उभे आहेत.

इनामांचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा. इथे दोन शब्द वेगळे ठेवले पाहिजेत. मदतमाश म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या वा घराण्याच्या निर्वाहासाठी दिलेली जमीन. खिदमतमाश म्हणजे मंदिर, मठ, मशीद किंवा दर्गा यांच्या सेवेसाठी दिलेली जमीन, जी पुजाऱ्याने वा मुजावराने सेवेच्या बदल्यात कसायची. १९५४ च्या कायद्याने मदतमाश इनामे सरकारजमा होऊन कब्जेदारांना शर्तीवर परत मिळाली. खिदमतमाश जमिनी त्या देवस्थानाच्याच राहिल्या. पुजाऱ्याच्या नातवाने सात-बाऱ्यावर आपले नाव आहे म्हणून ती जमीन विकली, तर विकण्याजोगे त्याच्याजवळ मुळात काय होते, हा प्रश्न कोर्टात उभा राहतो.

ही माहिती कायद्याच्या अभ्यासकांपुरती आहे असे वाटेल. पण भूगोल ध्यानात घ्यावा. देवळाचे इनाम कोठे असे? गावालगत. गावकीच्या कामाच्या बदल्यात महार समाजाला मिळालेला हाडकी-हाडोळा कोठे असे? गावकुसाबाहेर, पण गावाला लागून. गायरान कोठे? जनावरे सकाळी सुटून संध्याकाळी परतू शकतील इतक्या अंतरावर. आणि गावाचे शहर होऊ लागले की पहिले प्लॉट कोठे पडतात? नेमके तिथेच. ज्या जमिनींवर सर्वाधिक शर्ती होत्या त्याच जमिनी वाढत्या वस्तीच्या वाटेत आधी आल्या. लांबच्या निर्वेध काळ्या रानाला कोणी विचारीत नव्हते.

गायरानाचे पदर तर आणखी वेगळे. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये पडीक सरकारी जमिनीचा प्रश्न देशापुढे मांडला. मराठवाड्यात हजारो दलित कुटुंबांनी गायराने वहीत केली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय १९९१ मध्ये झाला. त्या जमिनी पोटासाठी मिळाल्या, विक्रीसाठी नव्हेत. शहर जवळ आल्यावर त्याच जमिनींवर दलालांची नजर गेली, आणि शंभर रुपयांच्या बाँडवर अंगठे उमटू लागले. या व्यवहारांत घेणारा आणि देणारा दोघेही फसतात. देणारा अधिक फसतो, कारण त्याच्याजवळ दुसरे काही नसते.

साठ ते नव्वद या तीन दशकांत लातूरकडे ओढ निर्माण केली ती शाळा-महाविद्यालयांनी. दयानंद महाविद्यालय १९६१ चे, राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० चे. पुढे 'लातूर पॅटर्न' हा शब्द रूढ झाला आणि दहावीनंतर मुलाला लातूरला ठेवणे हा देवणी-निलंग्याच्या घरांतला मोठा खर्च बनला. आधी खोली भाड्याने घेतली जाई. धाकटा भाऊ पाठोपाठ येई, आई स्वयंपाकाला येई. चार-सहा वर्षे भाडे भरल्यावर बाप हिशेब करी की इतक्या पैशांत एक गुंठा आला असता. शहराच्या कडेचा पहिला गुंठा अनेक घरांत असा, शिकवणीच्या वहीतून आला. जमीनजुमल्याच्या इतिहासात हे कारण सहसा नोंदले जात नाही, पण लातूरच्या वाढीत ते उसाच्या पैशाइतकेच मोठे आहे.

मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आली. गणेश विसर्जन आटोपून लोक झोपले होते. किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली. औसा, निलंगा आणि उमरगा या तालुक्यांना सर्वाधिक झळ बसली. माणसे मेली ती घरांखाली. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर मातीचे जड माळवद, हे उन्हाळ्यात गार राहणारे, पिढ्यान्‌पिढ्या अभिमानाने बांधलेले घर त्या पहाटे वैरी ठरले.

पुनर्वसनात बावन्न गावे नव्या जागी वसवण्यात आली. घरांचे आकार तीन होते. भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्या खातेदारांना ४००, सात हेक्टरांहून अधिक जमीन असलेल्यांना ७५०. सात-बाऱ्यावरच्या क्षेत्रावरून छपराचा आकार ठरला. वाड्यांचे गाव रुंद रस्त्यांच्या आखीव वसाहतीत आले आणि 'प्लॉट क्रमांक' हा शब्द शेतकऱ्याच्या पत्त्यात शिरला. देवणीच्या बाजूला पडझड तुलनेने कमी झाली, पण भीती सर्वत्र पोहोचली. कित्येक रात्री लोक अंगणात पत्र्याखाली झोपले. त्यानंतर या पट्ट्यात कोणी हौसेने माळवद घातल्याचे फारसे दिसत नाही. स्लॅबचे घर हवे, आणि स्लॅबच्या घरासाठी गावठाणातील अडचणीच्या बोळापेक्षा बाहेरचा मोकळा प्लॉट बरा, हा विचार भूकंपाने रुजवला.

गावठाणातल्या घराची आणखी एक अडचण होती. शेताला सात-बारा असतो, गावठाणातल्या घराला नसतो. असतो तो ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे करआकारणीची नोंद. कर कोण भरतो हे त्यावरून कळते, मालक कोण हे सिद्ध होत नाही. बँक त्यावर कर्ज देताना कां-कूं करते. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणे मोजून मालमत्ता पत्रके देण्याचे काम हाती घेतले गेले ते याच कारणाने.

ही अडचण केवळ मराठवाड्याची नाही. इंडोनेशियात जकार्ताच्या भोवती बेकासी आणि तांगेरांग ही उपनगरे भाताच्या खाचरांवर फुगत गेली, तेव्हा तिथल्या शेतकऱ्याजवळ बहुधा 'गिरिक' नावाचा कागद होता. तोही मुळात जमीनकराची नोंद. १९६० च्या मूलभूत जमीन कायद्याने तिथे नोंदणीकृत प्रमाणपत्राची व्यवस्था आणली, तरी गिरिकवर खरेदी-विक्री पुढची कित्येक दशके चालू राहिली आणि एकाच तुकड्यावर दोन दावेदार उभे राहिले. डचांनी ठेवलेला करकागद आणि निजामाने ठेवलेला करकागद यांचे वंशज एकाच रोगाने आजारी पडले. वसुलीसाठी लिहिलेल्या कागदाला लोकांनी मालकीचा कागद मानले.

देवणीकडे परत यावे. प्लॉट पाडण्याची सरळ वाट अशी की शेतजमीन अकृषिक करून घ्यावी, ले-आउट मंजूर करावा, रस्ते आणि मोकळी जागा सोडावी आणि मग विकावे. या वाटेला वेळ लागतो, पैसा लागतो आणि एकरातल्या चाळीस गुंठ्यांपैकी बराच भाग रस्त्यांत जातो. म्हणून दुसरी वाट निघाली. शेतमालक आणि एजंट मिळून कच्चा नकाशा काढतात, बारा-पंधरा फुटांचा बोळ सोडतात आणि गुंठ्या-गुंठ्याने विकतात. हीच गुंठेवारी. जमिनीचे तुकडे पाडण्यास बंदी करणारा कायदा अस्तित्वात होताच. त्याचा हेतू शेती वाचवण्याचा होता. एवढे लहान तुकडे होऊ नयेत की नांगर फिरवता येणार नाही, इतकाच त्याचा मूळ विचार. शहराच्या कडेला नांगर थांबला, कायदा थांबला नाही. मग खरेदीखत होईना, तेव्हा बाँड, इसार पावती, मुखत्यारपत्र, किंवा दहा जणांच्या नावे एकत्र सात-बारा, असे उपाय निघाले.

राज्याने २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला. मर्यादा होती १ जानेवारी २००१ ची. २०२१ मध्ये ती ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली. त्याच वर्षी जुलैमध्ये नोंदणी विभागाच्या परिपत्रकाने तुकड्यांची दस्तनोंदणी रोखली आणि बाँडला पुन्हा तेजी आली. २०२३ मध्ये प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठे असे कमी केले गेले. २०२५ च्या अखेरीस अध्यादेश काढून १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले नागरी क्षेत्रांतले तुकडे मोकळे करण्याची वाट दिली गेली. साठ वर्षांचा कालखंड एका अध्यादेशात. ज्यांनी नियम पाळून महागडा अकृषिक प्लॉट घेतला त्यांना हे पाहून काय वाटले असेल, हे सरकारी कागदात नमूद होत नाही.

मात्र एक फरक अनेकांच्या ध्यानात येत नाही. हे सर्व निर्णय तुकड्याच्या आकाराचा दोष काढतात. मूळ मालकीचा दोष काढत नाहीत. एक गुंठा म्हणून बेकायदा असलेला व्यवहार कायदेशीर होईल, पण तो गुंठा खिदमतमाश असेल, संरक्षित कुळाचा असेल, किंवा विकणाऱ्याच्या बहिणीचा त्यात हिस्सा असेल, तर तो दोष जिथल्या तिथे राहतो.

बहिणीचा उल्लेख ओघात आला, पण तो दुय्यम नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका हक्क दिला, २००५ मध्ये केंद्राने तो देशभर लागू केला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की हा हक्क जन्माने आहे, २००५ मध्ये वडील हयात असण्याची अट त्याला नाही. शेताचा भाव एकराने होता तोवर बहिणी चोळी-बांगडीवर हक्क सोडीत. तेच शेत प्लॉटच्या भावाने गेले की हक्कसोडपत्रावरची सही जड होते, आणि ती जड व्हावी हे योग्यच आहे. रक्षाबंधनाला आलेल्या बहिणीला तलाठी कार्यालयात नेऊन सही घेण्याची रीत मराठवाड्यात सर्वांना माहीत आहे. तिची चर्चा मात्र चारचौघांत होत नाही.

सारे थर एकत्र कसे येतात, हे कळण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेता येईल. समजा, गावाच्या पूर्वेला आठ एकरांचा एक सर्व्हे नंबर आहे. सेतवारात तो एका देशमुखाच्या नावे. खासऱ्यात पट्टेदार देशमुख, कसणारा दुसराच. १९६० नंतर फेरफाराने कसणाऱ्याचे नाव वर आले, पण कोणत्या आदेशाने ते फेरफारात लिहिलेले नाही. एकत्रीकरणात सर्व्हे नंबरचा गट नंबर झाला आणि क्षेत्र दोन गुंठ्यांनी घटले. कुळाला तीन मुलगे, दोन मुली. मुलींची नावे वारसात लागलीच नाहीत. धाकट्या मुलाने १९९८ मध्ये आपला वाटा बाँडवर विकला. घेणाऱ्याने तालुका होताच प्लॉट पाडले. आता त्यातला सतरावा प्लॉट एका निवृत्त माणसाला दाखवला जात आहे. समोर वीस फुटी रस्ता आहे, खांबावर दिवा आहे, शेजारी दोन बंगले उभे आहेत. सात-बारा ऑनलाइन निघतो आणि त्यावर नावही स्वच्छ दिसते. ज्या पाच ठिकाणी या साखळीची कडी निखळली आहे त्यांपैकी एकही कडी त्या पानावर दिसत नाही.

तालुका झाल्याने भाव चढतो, हे देवणीने अनुभवले. तहसील येते, पंचायत समिती येते, कर्मचाऱ्यांची बिऱ्हाडे येतात, स्टॅम्पव्हेंडर आणि झेरॉक्सची दुकाने येतात. पुढे महाराष्ट्राने तालुक्यांच्या गावांना नगरपंचायती दिल्या आणि देवणीतही ग्रामपंचायत जाऊन नगरपंचायत आली. नगरपंचायतीबरोबर विकास आराखड्याची शक्यता येते. आराखड्यात एखाद्या रानावर बाग, शाळा किंवा रस्त्याचे आरक्षण पडू शकते. कडेचा प्लॉट घेणाऱ्याला हे उशिरा कळते.

आणि राहायचे असेल तर पाणी. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून 'जलदूत' रेल्वे लातूरला पाणी घेऊन आली, पहिल्या खेपेला सुमारे पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे होते. जलवाहिनी असलेल्या जुन्या पेठांनी घागरी मोजल्या. वाहिनीच न पोहोचलेल्या कडेच्या वसाहतींनी टँकरच्या पाळ्या मोजल्या. हजार फुटांच्या बोअरला फुफाटा लागला. त्या वर्षानंतर लातुरात काही काळ तरी गिऱ्हाईक रस्त्याआधी बोअरचे विचारू लागले. २०१८ मध्ये रेल्वे डब्यांच्या कारखान्याची पायाभरणी झाली, आणि विचारपूस पुन्हा रस्त्यावर आली.

इनामांची गोष्टही अजून चालूच आहे. २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मराठवाड्यातल्या मदतमाश जमिनींचा नजराणा बाजारमूल्याच्या ५० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय घेतला. ज्या कागदावर कुणा बुजुर्गाच्या निर्वाहासाठी फसली सनात शाईने एक ओळ लिहिली गेली, त्या ओळीवर घरे उभी राहिलेली हजारो कुटुंबे या निर्णयाची वाट पाहत होती.

आता जुन्या नकला काढणाऱ्यांची गर्दी वाढली आहे. खासऱ्याची नक्कल बहुधा मराठीत मिळते. त्यामागचे सेतवार, मुंतखब आणि इनामाचे दाखले उर्दूत, शिकस्ता वळणात लिहिलेले. ते वाचू शकणारे दोन-चार वृद्ध गृहस्थ प्रत्येक जुन्या तालुक्याच्या गावी असत. कचेरीबाहेरच्या बाकावर बसून ते चष्मा कपाळावर सरकवीत आणि बोटाने ओळ धरून वाचीत: मौजा देवणी, परगणा उदगीर, सर्व्हे नंबर अमुक, काबीज तमुक. समोर प्लॉट घेणारा माणूस श्वास रोखून बसलेला असे. नाव जुळले की तो चहा मागवी. नाही जुळले की कागदाची घडी घालून तो वकिलाचा पत्ता विचारी.